कळमन्यात भावाच्या फळ्याशेजारी पडतळीचा फळा लावा

प्रति,
सभापती, सचिव आणि संचालक मंडळ,
नागपूर जिल्ह्यातील कृषी उत्पन्न बाजार समित्या
(कळमना, काटोल, सावनेर, उमरेड, नरखेड आणि इतर)

सप्रेम नमस्कार.

जिनिंग (कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणारे कारखाने), सोयाबीन प्लांट, डाळ मिल आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांच्या खरेदी-विक्रीचे हिशेब पाहणारी आम्ही काही मंडळी हे पत्र लिहीत आहोत. मागणी एकच आहे. रोज सकाळी हर्रास (लिलाव) सुरू होण्याआधी यार्डात एक फळा लागावा. जगातला कालचा बंद भाव, डॉलर आणि आयात शुल्क धरून आज इथल्या कापसाची आणि सोयाबीनची पडतळ, म्हणजे खरेदीदाराला परवडणारा हिशेबी भाव, किती बसते, ते त्यावर रुपये-क्विंटलमध्ये लिहिलेले असावे. भावाचा फळा तुमच्याकडे आहेच. तो काल काय झाले ते सांगतो, आज काय व्हायला हवे ते सांगत नाही.

हंगामात अडत्याच्या ओट्यावर सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य म्हणजे ‘बाहेर मंदी आहे’. पुष्कळदा ते खरेही असते. पण बाहेरची मंदी क्विंटलमागे किती रुपयांची, हे कोणी सांगत नाही. ७० रुपयांची मंदी दाखवून ३०० रुपये खाली बोली लागली, तर ते ओळखण्याचे साधन शेतकऱ्याच्या हाती नसते. उलटही घडते. २०२१-२२ मध्ये कापूस १० हजारांच्या पुढे गेला. पुढच्या हंगामात तोच आकडा डोक्यात धरून अनेकांनी कापूस घरात ठेवला. न्यूयॉर्कचा कापूस वायदा (पुढच्या महिन्यांच्या सौद्याचा भाव) मात्र मे २०२२ च्या पौंडाला १५० सेंटवरून कधीच खाली आला होता. पडतळीचा आकडा रोज समोर असता, तर किती थांबायचे याचा निर्णय अंदाजपंचे झाला नसता.

आधी जागतिक अंदाजांविषयी. जागतिक बँक एप्रिल आणि ऑक्टोबर असा वर्षातून दोनदा वस्तूंच्या भावांचा अंदाज जाहीर करते. ऑक्टोबर २०२५ च्या अहवालात २०२५ आणि २०२६ या दोन्ही वर्षी सरासरी ७ टक्के घसरण आणि २०२६ मध्ये सहा वर्षांतला नीचांक असे म्हटले होते. इथल्या गप्पांत त्याचे ‘शेतमाल ७ टक्के पडणार’ असे होऊन जाते, आणि ते चूक आहे. त्या निर्देशांकात सर्वांत जड पारडे इंधनाचे आहे. त्याच अहवालात ब्रेंट कच्चे तेल २०२५ च्या पिंपाला ६८ डॉलरवरून २०२६ मध्ये ६० डॉलरवर येईल असे धरले होते, तर अन्नपदार्थांची २०२६ मधली घसरण फक्त ०.३ टक्के होती. दुसरे असे की हे सगळे आकडे डॉलरमधले आहेत. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर ७५ रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर २०२५ मध्ये त्याने ९० ओलांडले. डॉलरमध्ये भाव जागचा हलला नाही, तरी रुपयात तो २० टक्के वाढतो. तिसरे, अंदाज ज्या दिवशी लिहिला त्या दिवशीच्या गृहीतकांवर उभा असतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले, एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात बंद केली, १३ मे रोजी आपण गव्हाची केली. यातले काहीही आदल्या ऑक्टोबरच्या अंदाजात नव्हते. म्हणून फळ्यावर अंदाज नकोत. फळ्यावर आजचा हिशेब हवा आणि कोणता घटक किती हलला तर भाव किती हलेल, ते हवे.

कापसाचा हिशेब घेऊ. खालचे भाव समजावण्यासाठी धरलेले आहेत. गुणाकाराची रीत मात्र कायमची आहे.

न्यूयॉर्कचा वायदा सेंट प्रति पौंडात बोलला जातो. आपली रुईची खंडी ३५५.६२ किलोची, म्हणजे ७८४ पौंडांची. वायदा ६५ सेंट धरा. भाडे, विमा आणि प्रतीचा फरक मिळून ९ सेंट धरा. झाले ७४ सेंट. खंडीला ५८०.१६ डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर ५२,२१४ रुपये. त्यावर ११ टक्के आयात शुल्क लावले की ५७,९५८ रुपये. परदेशी रुई गिरणीला या भावात पडते. गिरणी इथल्या रुईला याच्या फार वर जाणार नाही.

आता रुईवरून कापसावर येऊ. १०० किलो कापसातून ३४ किलो रुई, ६४ किलो सरकी आणि २ किलो घट धरा. खंडीचे ५७,९५८ रुपये ३५५.६२ किलोंनी भागले की रुई किलोला १६२.९८ रुपये, म्हणजे ३४ किलोंचे ५,५४१ रुपये. सरकी ३५ रुपये किलोने २,२४० रुपये. एकूण ७,७८१. त्यातून जिनिंग-प्रेसिंगचे २७५ आणि वाहतूक, हमाली, सेसचे १०० वजा केले की उरतात ७,४०६. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० आहे. या गृहीत भावांना व्यापारी हमीभाव का देऊ शकत नाही आणि सीसीआयचे (भारतीय कापूस महामंडळाचे) खरेदी केंद्र वेळेवर उघडणे का गरजेचे आहे, हे या एका वजाबाकीतून दिसते.

फळ्याचा खरा उपयोग याच्या पुढे आहे. याच गणितात न्यूयॉर्क १ सेंट हलला की कापूस क्विंटलमागे सुमारे ७५ रुपये हलतो. डॉलर १ रुपयाने हलला की ६२ रुपये. ११ टक्के शुल्क काढले की ५४९ रुपये. म्हणजे शुल्काची एक अधिसूचना न्यूयॉर्कच्या सात सेंटांएवढी पडते. १९ ऑगस्ट २०२५ पासून हे शुल्क माफ झाले. आधी सप्टेंबरअखेर म्हटले, मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. विदर्भातला कापूस ऑक्टोबर ते जानेवारी या काळात सर्वांत जास्त येतो, म्हणजे ज्या महिन्यांत संरक्षण हवे नेमक्या त्याच महिन्यांत ते उठले. त्या वेळी यार्डात ‘अमेरिकेने टॅरिफ लावले म्हणून कापूस पडला’ एवढेच बोलले जात होते. कापडाच्या निर्यातीवर अमेरिकेच्या ५० टक्के शुल्काचा घाव बसला हे खरेच आहे, पण कच्च्या रुईच्या भावावर आपल्याच शुल्कमाफीचा भार किती, हे कोणी मोजून दाखवले नाही.

आणि सरकी. वरच्या हिशेबात कापसाच्या एकूण किमतीत सरकीचा वाटा जवळपास २९ टक्के आहे. सरकी क्विंटलला १०० रुपये हलली की कापूस ६४ रुपये हलतो. न्यूयॉर्ककडे सगळे पाहतात, सरकीकडे फक्त जिनर पाहतो. सरकीचा भाव तेल आणि ढेप यांवर ठरतो, आणि ढेपेचा भाव दुधाच्या धंद्यावर आणि मका-सोयाबीनच्या पेंडींवर. एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारात सरकी ढेपेचा वायदा चालतो. तोही फळ्यावर लिहावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

रुईचा उतारा, म्हणजे १०० किलो कापसातून किती किलो रुई निघते, हा आणखी एक झाकलेला आकडा. उतारा १ टक्क्याने वाढला की ३५ रुपयांची एक किलो सरकी जाऊन १६३ रुपयांची एक किलो रुई येते, म्हणजे क्विंटलमागे १२८ रुपये. पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा कापूस आणि फरदडीचा (हंगाम संपल्यावरही राखलेल्या पिकाचा) कापूस एकाच ढिगात ओतला की हा फरक शेतकऱ्याच्या हातून निसटतो. प्रत्येक बाजार समितीने छोट्या लॅब-जिनवर रोज चार-सहा नमुन्यांचा उतारा काढून लिहावा. केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरातच आहे, सिरकॉट या कापूस तंत्रज्ञान संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्रही इथेच आहे. ही सोय दुसऱ्या जिल्ह्यांना नाही.

सोयाबीनचे गणित वेगळे, आणि इथे गैरसमज जास्त. शिकागोचा सोयाबीन वायदा बुशेलमध्ये बोलला जातो. बुशेल ६० पौंडांचे, म्हणजे २७.२२ किलोचे. पण शिकागोचे बी आपल्याकडे येत नाही, कारण ते जनुकीय बदलाचे आहे. आपल्यापर्यंत पोहोचतात ते तेल आणि पेंड यांचे भाव. म्हणून शिकागोच्या सोयाबीनचा भाव थेट रुपयांत बदलून फळ्यावर लावला, तर तो दिशाभूल करील. पडतळ तेल आणि डीओसी (तेल काढल्यावर उरलेली सोयापेंड) यांवरूनच काढावी.

१०० किलो सोयाबीनमधून १८ किलो तेल आणि ८१ किलो डीओसी धरा. तेल ११५ रुपये किलो असेल तर २,०७०. डीओसी टनाला ३४,००० असेल तर २,७५४. एकूण ४,८२४. प्लांटचा खर्च १७५ आणि कळमन्याहून प्लांटपर्यंतची वाहतूक, हमाली, सेस मिळून ७५ वजा केले की ४,५७४ उरतात. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८. मधले अंतर ७५४ रुपयांचे. हे अंतर एकट्या तेलाने भरायचे तर तेल किलोमागे ४२ रुपयांनी वाढावे लागेल. एकट्या डीओसीने भरायचे तर ९ रुपये ३० पैशांनी. डीओसीचा १ रुपया क्विंटलला ८१ रुपये देतो, तेलाचा १ रुपया फक्त १८.

सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे एकूण शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के झाले, तेव्हा सोयाबीन हमीभावाच्या वर जाईल असे जो तो म्हणत होता. हिशेब केला असता तर अपेक्षा आवरली असती. टनाला १,००० डॉलरच्या तेलावर २२ टक्के म्हणजे तेव्हाच्या डॉलरने किलोला साधारण साडेअठरा रुपये, आणि सगळेच्या सगळे खाली पोहोचले तरी सोयाबीनला क्विंटलमागे ३३० च्या आसपास. त्याच हंगामात डीओसी उतरत गेली. डीओसी किलोला ४ रुपये उतरली की ३२४ रुपये गेले, शुल्कवाढीचा फायदा तिथेच संपला. डीओसी का उतरली, हेही शेतकऱ्याला सांगायला हवे. मका आणि तांदळापासून इथेनॉल करताना डीडीजीएस नावाची प्रथिनयुक्त पेंड उरते, मक्याच्या टनामागे साधारण ३०० किलो. कोंबडीखाद्यात तिने सोयापेंडीची जागा घेतली. बाहेर ब्राझील आणि अर्जेंटिनाची पेंड स्वस्त होती, त्यामुळे निर्यातही आधाराला आली नाही. मग मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या तेलाचे शुल्क पुन्हा १६.५ टक्क्यांवर आले.

वायदा असता तर यातले बरेच आधी दिसले असते. सोयाबीन, सोयातेल, हरभरा, मोहरी यांसह सात वस्तूंचे वायदे २० डिसेंबर २०२१ रोजी थांबवले गेले आणि पुढे त्या बंदीला मुदतवाढीच मिळत गेल्या. पुढच्या महिन्यांचा भाव सांगणारा देशी दिवा विझलेला असताना बाजार समितीच्या फळ्याची गरज दुप्पट होते. वायदे सुरू व्हावेत की नाही यावर आमच्यातही मतभेद आहेत. फळ्यावर मात्र नाहीत.

आता फळा चालवायचा कसा. माणूस एकच पुरे, संगणकावरचे एक कोष्टक पुरे. न्यूयॉर्कचा कापूस आणि शिकागोचे तेल-पेंड यांचे व्यवहार आपल्या मध्यरात्रीच्या आसपास बंद होतात, म्हणून सकाळी आठ वाजता आदल्या रात्रीचा बंद भाव हाती असतो. चालू रात्रीचा हलता भाव मोबाइलवर पाहून लिहू नये. तो सकाळपर्यंत उलटलेला असतो. डॉलरसाठी आदल्या दिवशीचा संदर्भ दर घ्यावा. खाद्यतेलाचे शुल्क मात्र प्रत्यक्ष सौद्याच्या भावावर नव्हे, तर सरकार दर पंधरवड्याला जाहीर करते त्या टॅरिफ मूल्यावर बसते. ते मूल्य पंधरा तारखेला आणि महिनाअखेरीस बदलून घ्यावे लागते, आणि नेमके हेच विसरले जाते. डीओसीसाठी इंदूरच्या सोपाचे (सोयाबीन प्रक्रिया उद्योगांच्या संघटनेचे) दर आणि आपल्या पट्ट्यातल्या तीन प्लांटचे दर घ्यावेत. सरकीसाठी तीन जिनिंगना फोन करून सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सोडावा, मधला लिहावा.

चुका कुठे होतात, तेही सांगतो. पहिली चूक महिन्याची. न्यूयॉर्कचा डिसेंबर वायदा नव्या पिकाचा, जुलैचा जुन्या पिकाचा. महिना संपून पुढच्या वायद्यावर गेलो की आकडा दोन-चार सेंटांनी उडी घेतो आणि लोक म्हणतात तेजी आली. फळ्यावर वायद्याचा महिना लिहिलाच पाहिजे, आणि बदलला त्या दिवशी लाल खडूने. दुसरी चूक वजनाची. अमेरिकेची गाठ ४८० पौंडांची, म्हणजे २१८ किलोची, आपली १७० किलोची. शिकागोच्या सोयापेंडीचा टन ९०७ किलोचा. गाठींचे किंवा टनांचे आकडे जसेच्या तसे उचलले की साठा पाव पट चुकतो, भाव दहा टक्के. तिसरी चूक प्रतीची. न्यूयॉर्कचा पाया साधारण २७ मिलिमीटर धाग्याचा आहे, आपला लांब धागा साडेएकोणतीस-तीसचा. त्याचा वाढावा धरायचा, आणि कचरा जास्त असेल तर वजावटही धरायची. चौथी सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पडतळीला हमी समजणे. गोदामे भरलेली असली तर प्लांट पडतळीखाली घेतो, मालाची चणचण असली तर वर जातो. पण सलग पाच दिवस चांगल्या मालाचा भाव पडतळीच्या १५० रुपये खाली राहिला, तर सचिवांनी खरेदीदारांना बोलावून कारण विचारावे. तेवढा अधिकार तुमच्याकडे आहे आणि त्यासाठी वेगळा कायदा लागत नाही.

फळ्याशेजारी ओलाव्याचा तक्ता लावा. सोयाबीनचा आधार १२ टक्के धरला, तर १४ टक्के ओलाव्याला क्विंटलमागे २.२७ किलो, १६ टक्क्यांना ४.५५ किलो आणि १८ टक्क्यांना ६.८२ किलो एवढीच वजावट न्याय्य आहे. हे कोरड्या वजनाचे साधे गुणोत्तर आहे. ८६ भागिले ८८ असे कोणीही करून पाहावे. त्याहून जास्त काट होत असेल, तर तो ओलावा नव्हे. कापसाला सीसीआयचा आधार ८ टक्के आणि वरची मर्यादा १२ टक्के. दव उतरल्यावर वेचलेला आणि दोन उन्हे दिलेला कापूस या मर्यादेत बसतो. सकाळी सहाला वेचून प्लास्टिकच्या पोत्यात दाबलेला बसत नाही. ओलावामापकांची तपासणी हंगामाआधी करून तारीख यंत्रावर चिकटवा.

थांबायचे की विकायचे, हा प्रश्न फळा पाहिल्यावर प्रत्येक जण विचारील. त्याचेही गणित लिहून ठेवा. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत किमतीच्या ७५ टक्के कर्ज ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. ४,६०० रुपयांच्या सोयाबीनवर ३,४५० रुपये कर्ज, १८० दिवसांचे व्याज १०२ रुपये. वजनातली घट २ टक्के धरली तर ९२ रुपये. म्हणजे भाव १९४ रुपयांहून जास्त वाढेल असे वाटले तरच थांबण्यात अर्थ. हेच पैसे सावकाराकडून महिना २ टक्क्यांनी घेतले, तर एकटे व्याज ४१४ रुपये होते आणि थांबण्याचा हिशेब जमत नाही. त्यातही काळ पाहावा लागतो. ब्राझीलचे सोयाबीन जानेवारी ते एप्रिलमध्ये निघते, अर्जेंटिनाचे त्यामागोमाग. तिथे पीक चांगले असेल तर आपले सहा महिने नेमके त्यांच्या आवकेत संपतात. पाऊस फसला तर मात्र थांबलेल्याचे फळ तेव्हाच मिळते. अमेरिकी कृषी खात्याचा जागतिक मागणी-पुरवठ्याचा अहवाल दर महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो, आपल्याकडे रात्री साडेनऊला, हिवाळ्यात साडेदहाला. त्याच्या दुसऱ्या सकाळी साठ्याचे दोन आकडे फळ्यावर लिहिले तरी पुष्कळ झाले. तारण योजना कागदावर ठेवून चालणार नाही. यार्डातले किमान एक गोदाम ऑक्टोबरच्या आधी रिकामे, कोरडे आणि धुरी दिलेले हवे.

तुरीला आणि हरभऱ्याला जगाचा वायदा नाही. तिथे म्यानमार, मोझांबिक, टांझानियाची तूर बंदरात काय भावाने उतरते आणि पिवळ्या वाटाण्यावर शुल्क किती, एवढे दोन आकडे लिहा. पिवळा वाटाणा डिसेंबर २०२३ पासून शुल्कमुक्त आला आणि बेसनात, डाळीत मिसळून हरभऱ्याला दाबत राहिला. १ नोव्हेंबर २०२५ पासून त्यावर ३० टक्के शुल्क लागले. संत्र्याला तर कोणतीच पडतळ लागू नाही. बांगलादेशाने आयात शुल्क चढवत नेले आणि आपली पेटी सीमेवर अडली. काटोल-नरखेडच्या समित्यांनी निदान ते शुल्क आणि बदलाची तारीख ठळक लिहावी.

शेवटची विनंती राजकीय वजनाची आहे. सर्व समित्यांनी मिळून केंद्राकडे ठराव पाठवावा की कापूस आणि खाद्यतेल यांच्या आयात शुल्कात ऑक्टोबर ते जानेवारी या काळात कपात करू नये, आणि करायचीच असेल तर पेरणीआधी, मेअखेरपर्यंत, जाहीर करावी. ठरावासोबत त्या-त्या दिवसाच्या फळ्याची नोंद जोडली, तर ‘एवढ्या रुपयांचे नुकसान झाले’ हे आकड्यात मांडता येईल. त्यासाठी फळ्यावरचे आकडे रोज वहीतही उतरवून ठेवा.

दसऱ्यापासून नवे सोयाबीन यार्डात येते. त्याआधी पंधरा दिवस फळा चालवून पाहिला, तर चुका आवक वाढण्याआधी सापडतील. कोष्टक आम्ही तयार करून देऊ, त्यातली सूत्रे उघडी ठेवू, म्हणजे कोणालाही तपासता येतील. प्रत्येक समितीतल्या दोन कर्मचाऱ्यांना ते शिकवायला दोन दुपारी पुरतात. आम्हाला मोबदला नको. फळा मात्र गेटाजवळ, गाडी आत शिरताना दिसेल असा लावा.

आपले,
शेतमालाच्या बाजाराचा हिशेब ठेवणारे आम्ही,
नागपूर